पाण्यानं केलेली हजामत

रुवीत, उन्हाळ्यात, थंड पाण्याच्या नळाला
गच्चीवरच्या टाकीतलं चटके देणारं पाणी येतं
आणि बंद गीझरमधलं तेवढंच काय ते गार.
म्हणून आम्ही इथे नळ उलटे सोडतो.
नवा माणूस आठ दिवस पोळतो, मग शिकतो.
मला दाढीसाठी हे बरं पडलं:
मे ते सप्टेंबर ब्रश भिजवायला
वीज लागत नाही. बचत.

ही एवढीच.

बाकीचा हिशोब एका शीटमध्ये आहे.
मी क्वांटिटी सर्व्हेअर, दुसऱ्यांच्या इमारतींतल्या
सळ्या, विटा, संडासाच्या टाइल्स मोजून
पोट भरतो. सवयीनं हेही लिहीत गेलो:
स्टीलचा रेझर, एक नग, अठ्ठेचाळीस रियाल.
पितळी रेझर, जुना, जर्मन, मूठ झिजलेली,
एकतीस, वर टपाल.
ब्रश पाच. त्यातला एक बॅजर नावाच्या
कुठल्याशा जनावराच्या केसांचा;
ओला झाला की पहिले पंधरा दिवस
न्हाणीघरात गोठ्याचा वास.
साबणाच्या डब्या तेवीस. चंदन, लिंबू, तंबाखू.
एकीला म्हणे जुन्या ग्रंथालयाचा गंध,
मला तो चिपळूणच्या तलाठी कार्यालयाचा वाटला.
तुरटी, एक खडा, दोनशे बैसे.
तिच्यावाचून मात्र एकही दिवस चाललं नाही.

एकूण सहाशे अकरा.

खाली मोहिउद्दिन, कोमिल्ल्याचा,
अर्ध्या रियालात दाढी करतो, वर मान कडाकडा मोडून देतो.
म्हणजे बाराशे बावीस दाढ्या. रोज एक धरली तर
तीन वर्षं चार महिने मी त्याच्या खुर्चीत
डोळे मिटून पडलो असतो.
रुपयांत मी काढत नाही.
कांदे, दूध, विमानाचं तिकीट,
वैजयंतीच्या दातांचा खर्च,
सगळं त्या त्या दिवसाच्या भावानं गुणतो.
पंधरा वर्षं गुणतोय.
साबणापाशी आलं की पाढा विसरतो.

लोक एकमेकांची बिनपाण्यानं करतात.
मी माझी पाण्यानं केली, भरपूर फेस काढून,
आधी केसांच्या दिशेनं, मग उलट,
शुक्रवारी सकाळी, चाळीस मिनिटं,
बाहेरून कोणी दार ठोठावत नसताना.

एप्रिलात गालांवर पुरळ उठलं.
दारसैतच्या दवाखान्यात डॉक्टर थंगमणींनी
भिंगातून बघितलं. म्हणाल्या, सहा आठवडे
पातं लावायचं नाही. साबण तर नाहीच.
किती साबण वापरता?
मी म्हटलं, एकच.

पहिल्या आठवड्यात खाज.
दुसऱ्यात साइटवरचे ड्रायव्हर
आधी सलाम करू लागले.
तिसऱ्यात आरशात एक पांढरी दाढी उभी राहिली,
कानापासून कानापर्यंत, औषधालाही काळं नाही.
डोक्याला रंग लावतो, ते मला ठाऊक होतं.
पण हिला रोज सकाळी, बोलायच्या आत,
मीच मोरीत सोडत होतो,
महागड्या फेसात गुंडाळून.

वैजयंती फोनवर आधी हसली.
मग म्हणाली, जवळ आण.
मग काहीच म्हणाली नाही. मागे कुकरची शिट्टी झाली,
दुसरी झाली, ती उठली नाही.
किती दिवसांची?
एकवीस, मी म्हटलं.
वाटत नाही, म्हणाली.

तेवीस डब्या फळीवर आहेत, झाकणं घट्ट.
पितळी रेझरला खाऱ्या दमट हवेनं
हिरवी कड धरली आहे, पुसायला हवी.
शीटमध्ये मी एक ओळ वाढवली:
दाढी, पांढरी, एक नग, दर निरंक.
दोन रात्री ती ओळ शेवटची होती.
तिसऱ्या रात्री तिच्याखाली
शिसवी कंगवा, तीन रियाल सातशे,
वर टपाल.